पाठीचे टाके

मास्तरांना पुरताना घालायचा टेरिकॉटचा कोट नरहरी शिंप्यानं एका दिवसात शिवला. पुढच्या बाजूत त्यानं जीव ओतला. पाठीला मात्र कच्चे टाके घातले आणि अस्तर गाळलं. त्याच्या घरी माणूस गेला की कोऱ्या कापडात गुंडाळून जाळत. पेटीत उताण्या निजलेल्याची पाठ बघणार कोण? लष्कर मोहल्ल्यात मास्तरांच्या घरी प्रार्थना संपली. मास्तरांच्या पत्नी रेजिनाबाई कोटाची कॉलर सारखी करत त्याला कानडीत म्हणाल्या, “जगाच्या शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की हे याच देहानं उठतील, अण्णा. देवाकडे तोंड करून उभे राहतील, तेव्हा मागच्यांना तुमचा कोट दिसेल. कुणी शिवला विचारलं, तर हे तुमचंच नाव सांगतील.” नरहरीचा हात शर्टात खोवलेल्या सुईकडे गेला. “काही राहिलं का?” त्यांनी विचारलं. “नाही,” म्हणत तो पेटीवर झाकण लावायला पुढे झाला.