उलटे घाव

खाणीच्या संग्रहालयात मधोमध मांडलेला काळा दगड पाहून म्हातारी यल्लव्वा थबकली. गाइड सांगत होता, "टाकीचे हे घाव बघा, सगळे उलट्या बाजूला तिरपे. खास नक्षी आहे ही. कारागीर अज्ञात."

"नक्षी कसली, बाबा? माझा दगड हाय ह्यो. मी डावरी."

लोक हसले. तिनं दगडाशेजारी मांडलेल्या अवजारांतली हातोडी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं टाकी घावावर टेकवली. टाकी तंतोतंत बसली. हसू थांबलं.

चाळीस वर्षांपूर्वी याच दगडाला 'वाकडं काम' म्हणत मुकादमानं तिला खाणीवरून हाकललं होतं.

गाइडनं दगडावरची 'कारागीर अज्ञात' अशी पाटी उतरवली, पेनाचं टोपण काढलं. "आजी, नाव सांगा."

"यल्लव्वा. आन् म्होरं मोठ्ठ्या अक्षरात लिव्ह, डावरी."