सरळ लागलेली कॅरव्हान

दर ईस्टरच्या सुट्टीत नदीकाठच्या तंबूंच्या तळावर ट्रेव्हर आणि ग्लेनिस आले, की आम्ही सगळे बिअर घेऊन खुर्च्या त्यांच्याकडे वळवायचो. तो गाडीमागे जोडलेली कॅरव्हान, म्हणजे ते चाकांवरचं घर, जागेत मागे घेणार, ती मागे उभी राहून हातवारे करणार आणि दोघांची जुंपणार, हे ठरलेलंच.

"डावीकडे! अरे, माझ्या डावीकडे, गाढवा!"

"तुझी डावी बाजू दर वर्षी बदलते गं!"

एकदा तर या भांडणात पाण्याचा नळच आडवा झाला होता.

यंदा मात्र ट्रेव्हरने पहिल्याच झटक्यात कॅरव्हान अगदी सरळ लावली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"काय रे, बायकोला वाटेत उतरवून आलास की काय?" शेजारच्या तंबूतून डेस ओरडला.

"गेल्या हिवाळ्यात वारली ती," गाडीतून उतरत ट्रेव्हर म्हणाला. "मग शाळेच्या मैदानावर एकट्यानेच शिकलो."




तो कॅरव्हानच्या मागे, ती उभी राहायची तिथेच जाऊन उभा राहिला आणि रिकाम्या गाडीला हात करत हळूच म्हणाला, "माझ्या डावीकडे, गाढवा... माझ्या."