खासदारबाईंचं 'हाय'

परदेशातली मदत थांबली अन् पाटोद्याजवळच्या वस्तीची पाइपलाइन अर्ध्यातच राहिली. मग तिथं काम करणाऱ्या साऱ्या संस्थांनी मिळून, लई विनवण्या करून, तिकडच्या एका खासदारबाईंना व्हिडिओ कॉलवर गाठलं. वस्तीकडून केशरबाई बोलणार होत्या.

"मावशी, त्यांना पाण्याचंच ऐकायचंय," त्यातल्याच एका संस्थेच्या पंचशीलानं बजावलं. "भाषण नगं. पाणी हाय का न्हाई, तेवढं सांगा."

दुभाष्याची लाइन काही लागेना, पण खासदारबाई मात्र स्क्रीनवर आल्या. हसून हात हलवत म्हणाल्या, "हाय!"

"न्हाई," केशरबाई म्हणाल्या.

ऐकू गेलं नसेल म्हणून बाई जरा मोठ्यानं म्हणाल्या, "हाय!"

"न्हाई म्हणलं की!"

"हाय, हाय!" बाईंनी आता दोन्ही हात हलवले.

"अगं बये, कुठं हाय? दाव मला!" केशरबाईंनी रिकामी घागर उचलून कॅमेऱ्यापुढं नाचवली. पंचशीला मध्ये पडेपर्यंत घागर लॅपटॉपवर आदळली अन् कॉल कटला.

पंचशीलानं कपाळावर हात मारून घेतला. "अवं मावशी, ती जय भीम करायली होती! त्यांच्यात हाय म्हणजे जय भीम!"

केशरबाईंनी घागर खाली टेकवली. मग म्हणाल्या, "आन् मंग आपला तालुक्याचा सायेब? दर उन्हाळ्यात कोरड्या विहिरीत वाकून बघतो अन् पाणी 'हाय, हाय' म्हणून जातो. त्यो बी जय भीमच करतो व्हय?"