नवा खलनायक

"असल्या खलनायकाला शाळकरी पोरंही भीत नाहीत," रुद्राणीनं संपादकांचं पत्र वाचून दाखवलं. "मिशा पिळणं, गडगडाटी हसणं पुरे झालं. खरा दुष्ट माणूस पाठवा, नाहीतर कादंबरी बंद करू."

महादेवप्पांचा चेहरा उतरला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहा-वाचायला बंदी केली होती. ते सांगत आणि सून रुद्राणी लिहून घेई. साप्ताहिकातली ही कादंबरी म्हणजे सोलापुरातली त्यांची एकुलती एक ओळख. ती गेली तर रिटायर्ड कारकुनाला कोण विचारतो?

दोन दिवस त्यांनी डोकं खाजवलं. कुणी चाबूकवाला सुचला, कुणी दारुडा. सगळे जुनेच.

"मामा, आपल्या कादंबरीतला यो देसाई आवाजच चढवत नसंल तर?" रुद्राणी हळूच म्हणाली. "लई गोड बोलतोय. पुतणी आजारी आईला भेटाय निघाली की म्हणतोय, जा की, कोण अडवतंय? अन् तिनं पिशवी भरली की जेवणच सोडतोय. मग कशी जाईल ती?"

"वा! लबाड आहे की लेकाचा!" महादेवप्पांनी मांडीवर थाप मारली. "लिही, बाळ, लिही."

तीन प्रकरणं छापून आली. वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला. असाच एक माणूस आमच्याही घरात आहे, असं बायकांनी कळवलं. महादेवप्पा हरखून गेले.

मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पोरीला हे सुचलं कुठून? घरात पुरुष दोनच. ते स्वतः, आणि मुलगा ईरप्पा. तो कारखान्यातून यायचा, मान खाली घालून जेवायचा, कुणाशी चकार शब्द नाही. रुद्राणीची आई अक्कलकोटला अंथरुणाला खिळलेली. तीन वर्षं भाऊ नागपंचमीला न्यायला आला आणि एकटाच परत गेला. महादेवप्पांनी तर तिला कधीच नको म्हटलं नव्हतं.

म्हणजे ईरप्पाच! आपल्याच पोटचा पोर.

"रुद्राणी, खरं सांग," दुपारी त्यांनी विचारलं. "देसाई म्हणजे आपला ईरप्पाच की नाही? तुला माहेरी तोच जाऊ देत नाही. येऊ दे घरी, चांगला फैलावर घेतो त्याला. यंदा तू जायचंसच."

रुद्राणीची लेखणी थांबली.

"त्येंना काय बोलू नका, मामा," ती म्हणाली. "दर पंचमीला टांगा त्येंनीच दारात आणलाय. ताट तुमी दूर सरकवलंय."