शलाकाची टाच

व्हॉलीबॉलच्या जाळ्याजवळ उडी मारून खाली आलेली प्रत्येक मुलगी उजवी टाच दोनदा जमिनीवर दाबत होती. बाकावर एकट्याच बसलेल्या कुमुदताई रोज तेवढंच बघायला येत.

गुडघ्याच्या पट्ट्या आल्यापासून व्हॉलीबॉल खेळताना कुणाचं लिगामेंट फाटलं नव्हतं. मुलगी हवेतून खाली येऊ लागली की पट्टी पायाच्या स्नायूंचा ताबा घ्यायची आणि गुडघा आत वळू द्यायची नाही. पट्टीत भरलेली ही उतरायची लकब कुमुदताईंच्या शलाकाची होती. शास्त्रज्ञांनी ती टिपून घेतली आणि पुढच्याच पावसाळ्यात शलाका तापाने गेली.

टाच दाबणं मात्र त्यात चुकून आलं होतं. बूट पुढच्या वर्षीही यावेत म्हणून कुमुदताई मोठ्या मापाचेच घ्यायच्या. टाच दोनदा दाबून सैल बूट नीट बसवायची लेकीला सवयच लागली होती.

“काकू, नव्या पट्टीतून ते टाच दाबणं काढून टाकलंय,” मुलींचे प्रशिक्षक तडवी सर म्हणाले. “उगाच वेळ जातो त्यात. जुन्या पट्ट्या उद्या परत जाणार.”

“त्यातली एक मला द्याल?”

“तुम्हाला कशाला?”

“गुडघे दुखतात हो.”

घरी विचारणारं कुणी नव्हतंच. कुमुदताईंनी पदर खोचला, उजव्या गुडघ्याला पट्टी आवळली आणि मागच्या दाराच्या पायरीवरून अंगणात उडी मारली. गुडघा अलगद वाकला. पाठोपाठ त्यांची अनवाणी टाच आपोआप दोनदा मातीत दाबली गेली.

 त्या कठड्याला धरून पुन्हा पायरीवर चढल्या.