आईचा हेल

मोलकरणीची भूमिका मिळाली की दिग्दर्शक अभिनेत्री लेकीला हमखास सांगायचा, "तुझ्या आईसारखा हेल काढ. लोक पोट धरून हसतात." आई लग्न करून परमुलखातून आलेली, इथली भाषा इथे येऊन शिकलेली. लेक हेल काढायची, लोक हसायचे, कामं मिळत राहायची. एकदा टीव्हीसमोर बसलेल्या आईने विचारलं, "मी अशी बोलते?" त्या दिवसापासून तिने चारचौघांत तोंड उघडणंच सोडलं. दुकानातसुद्धा नुसतं बोट दाखवायची.

शेवटी लेकीने स्वतःच सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शनही स्वतःच करायला घेतलं. कोर्टाचा सीन होता. मोलकरणीची साक्ष झाली, अगदी घडाघडा, साफ भाषेत. मग न्यायाधीशाचा काळा डगला चढवून लेक खुर्चीत बसली आणि थेट आईच्या हेलात निकाल वाचू लागली.

निर्माता धावत आला. "अगं, उलटं केलंस की! तो हेल मोलकरणीला दे. न्यायाधीश असं बोलायला लागली तर लोक हसतील."

"हसू देत. शिक्षा तीच सुनावणार आहे."

निर्मात्याने कपाळाला हात लावला. तेवढ्यात कॅमेऱ्यामागच्या खुर्चीतून आई बोलली. अख्ख्या युनिटसमोर, खणखणीत, त्याच हेलात.

"मी अशी नाही बोलत गं. शिक्षा सुनावताना एवढं हळू कोण बोलतं? परत घे!"