आखाजीची सुट्टी

"अहो, चूक गोपालभाऊंची नाही. चूक माझी आहे," केतकी फोनवर म्हणाली. पलीकडे शिरपूरला होते सोयरीक मोडून बसलेले मुलाचे वडील.

केतकी मनातल्या मनात पुढची वाक्यं जुळवत राहिली. सुरतेजवळ सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलची नवी इमारत उभी राहत होती आणि तिथल्या कामाचं वेळापत्रक तिच्याकडे होतं. कुठला स्लॅब कधी, कुठली भिंत कधी, सगळं ती प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडायची. पण ते सॉफ्टवेअर एकट्या तिच्याच कॉम्प्युटरवर. मिलच्या शेठना हवी साधी एक्सेलची शीट. म्हणून दर महिन्याला ती सगळी कामं आणि सुट्ट्या एक्सेलमध्ये उतरवायची, सुट्ट्या वगळून तारखा तिथे आपोआप लागायच्या, ऑफिसातली तारा त्याचे प्रिंट काढायची आणि शेठ त्यावर सही ठोकायचे. एकदा सही झाली की ती तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

या खेपेला तिथेच घात झाला. साइटवरचे निम्मे कारागीर खानदेशचे. एक वेळ दिवाळी चुकवतील, पण अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या आखाजीला, गावी जाणार म्हणजे जाणार. म्हणून केतकीने सॉफ्टवेअरमध्ये आखाजीची सुट्टी आवर्जून घातली होती. सही झालेल्या शीटमध्ये मात्र ती नव्हती. त्यामुळे पुढच्या सगळ्या तारखा अलीकडे सरकल्या होत्या आणि सगळ्यात मोठा स्लॅब नेमका आखाजीच्या दिवशी येऊन बसला होता.

लक्षात आलं तोवर काँक्रीटच्या गाड्या ठरून गेल्या होत्या. "सही थई गई, बेन," शेठ म्हणाले. बांधकाम कंपनीचे प्रकाशसर म्हणाले, "रजा सगळ्यांच्या रद्द. फोरमन नसेल तर स्लॅब काय मी भरू?"

फोरमन म्हणजे गोपालभाऊ. दिल्या शब्दाला जागणारा माणूस. आणि तारा त्यांचीच मुलगी. त्याच आखाजीला गावी, सगळ्या भाऊबंदांसमोर, तिची सुपारी फुटायची होती. पोरीचा बापच आला नाही म्हटल्यावर मुलाकडचे बिथरले. "पोरीपेक्षा स्लॅब मोठा असेल तर स्लॅबशीच सोयरीक करा," असा निरोप आला आणि ठरलेलं मोडलं.

दुसऱ्या कुणाचं असतं तर केतकी एवढी पोळली नसती. पण ताराला तिनेच ऑफिसात लावून घेतलं होतं. एक्सेल शिकवलं होतं, हल्ली सॉफ्टवेअरही शिकवायला घेतलं होतं. पोर हुशार. सोयरीक मोडल्यापासून मात्र ती मान वर करेना. डबा तसाच परत न्यायची. एकदा केतकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर डोळे भरून म्हणाली, "ताई, तुम्ही नका ना माझ्याशी इतकं चांगलं वागू."

शेड्यूल एक्सेलमध्ये उतरवताना आपणच सुट्ट्या सोबत घ्यायला विसरलो, याबद्दल केतकीच्या मनात शंका नव्हती. आपल्या धांदलीपायी एका मुलीचं लग्न मोडलं आणि आपण तोंड दाबून बसलोय, याची तिला लाज वाटत होती. अखेर गोपालभाऊंच्या चुलतभावाकडून, उखाकडून, तिने शिरपूरचा नंबर मिळवला.

"मॅडम," फोनवर सगळं ऐकून घेऊन मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाले वाटनं, त्यांनी मुद्दाम टाळलं. तुम्ही स्वतःच्या तोंडानं चूक सांगता, मग आमचा राग कशाला ठेवायचा? पोरीचं दुसरीकडे ठरलं नाही ना?"

"नाही."

"मग रविवारी येतो आम्ही सुरतेला, डिंडोलीच्या घरी. सुपारी घेऊनच येतो."

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन केतकी डिंडोलीला गोपालभाऊंच्या घरी पोचली. आधी स्वतःची चूक सांगितली, अगदी काही न लपवता. गोपालभाऊ खाली बघत ऐकत होते. मग तिने रविवारचं सांगितलं, तशी त्यांनी मान वर केली. डोळे पाणावले होते.

"मॅडम, चूक सगळ्यांकडून होते. ती निस्तरायला कोण येतं घरापर्यंत?"

ताराच्या आईने, उषाबाईंनी, केतकीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "देव पावना व माय! एवढं मोठं घर हातचं जात होतं. आता ऑफिसात डोळे फोडायला नको पोरीला. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, सूनबाई घराबाहेर कामाला जाणार नाही."

हे केतकीला माहीत नव्हतं. मनाला जरा खटकलं. पण मोडलेलं जुळत होतं, तिथे आपल्या खटकण्याचं काय, असं म्हणून तिने पेढा तोंडात टाकला. खूप दिवसांनी काहीतरी गोड लागलं.

तारा चहा ठेवून आत गेली ती बाहेर आली नाही. "लाजली," उषाबाई म्हणाल्या, "जा गं, ताईंना रिक्षापर्यंत सोडून ये."

दोघी कोपऱ्यापर्यंत गेल्या. रिक्षा येत होती. केतकीने ताराचा हात धरला.

"आता तरी मला माफ केलंस ना?"

तारा हात सोडवून घेत म्हणाली, "ताई, तुम्ही काही विसरला नव्हता. तुमच्या शीटमध्ये आखाजीची सुट्टी होती. प्रिंट काढायच्या आधी मी ती पुसली."